दाराशी लांडगा, चुलीवर आधण

पाकशास्त्रावरील पुस्तकास वाङ्मयाच्या पंक्तीत पाट मांडावा की नाही, हा प्रश्न आपल्या टीकाकारांस सहसा पडत नाही. असे पुस्तक स्वयंपाकघरातील फळीवर हळदीच्या डब्याशेजारी राहावयाचे, त्याची पाने तेलातुपाने डागळावयाची, आणि ते पार खिळखिळे झाले म्हणजे नवी आवृत्ती आणावयाची, एवढाच त्याच्याशी आपला व्यवहार. त्याच्या उपयुक्ततेबद्दल कोणी शंका घेत नाही. परंतु त्याची भाषा, त्यातील विनोद, त्यातून दिसणारी लेखिकेची जीवनदृष्टी यांचा विचार करावा, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. बहुतेक पाकपुस्तकांच्या बाबतीत या उपेक्षेने कोणाचे मोठे नुकसान होत नाही. पण एम. एफ. के. फिशर या अमेरिकन लेखिकेचे 'हाउ टु कुक अ वुल्फ' हे १९४२ साली निघालेले पुस्तक असेच फळीवर ठेवून दिले, तर नुकसान होईल ते आपलेच.

पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'लांडगा कसा शिजवावा' असा आहे. भूक आणि दारिद्र्य ही उंबरठ्याशी येऊन ठेपली म्हणजे दाराशी लांडगा आला, असे इंग्रजीत म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी घरात अठरा विश्वे दारिद्र्य नांदते, किंवा मडक्यात दाणा उरत नाही. पण त्या आपत्तीस आपण जनावराचे रूप दिलेले नाही. फिशरबाईंनी या जुन्या वाक्प्रचारास आणखी एक पाऊल पुढे नेले आहे. लांडगा दाराशी आलाच आहे आणि हाकलून तो जात नाही, तर त्यास भुलवून आत घ्यावे, पकडावे, कापावे आणि शिजवून त्याचीच मेजवानी करावी, असा त्यांचा एकंदर उपदेश आहे. सबंध पुस्तकभर हे रूपक त्यांनी सांभाळले आहे. ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही. कारण ज्या काळात हे पुस्तक लिहिले गेले, त्या काळी लांडग्याची चाहूल अमेरिकेतील सुखवस्तू घरांसही लागू लागली होती.

१९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली. पुढच्याच वर्षी तेथे साखरेवर नियंत्रण आले, वर्षअखेरीस कॉफीवर आले, आणि १९४३ साली मांस व लोणी यांचीही पाळी आली. आपल्या मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले ते याच १९४३ साली. फिशरबाईंचा जन्म १९०८ सालचा. त्यांचे बालपण कॅलिफोर्नियातील व्हिटियर गावी गेले, आणि १९२९ साली विवाह झाल्यावर त्या फ्रान्समधील दीझों शहरी राहावयास गेल्या. जेवण ही पोट भरण्यापलीकडे विचार करण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या तेथे शिकल्या. प्रस्तुत पुस्तक प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षी, १९४१ च्या ऑगस्टात, त्यांचे दुसरे पती डिल्विन पॅरिश यांनी असाध्य दुखण्यापायी स्वतःचा अंत करून घेतला होता. या दुःखाचे प्रदर्शन पुस्तकात नाही. तथापि, जगावयाचे तर नीट जगावे आणि जेवावयाचे तर माणसासारखे जेवावे, हा जो हट्ट त्याच्या पानापानांवर दिसतो, तो ज्यांस जगणे सोपे गेले अशा लेखणीतून उतरला नसता, असे आम्हांस वाटते.

पुस्तकाची रचना प्रथमदर्शनी पाकपुस्तकासारखी दिसत नाही. 'पाणी कसे उकळावे', 'अंडे कसे उकडू नये', 'जिवंत कसे राहावे', 'उपाशी असूनही आनंदी कसे असावे', अशी त्यातील प्रकरणांची नावे आहेत. सर्वांच्या मुळाशी तोच एक 'कसे'. पहिल्या प्रकाराचे शीर्षक वाचून वाचकास हसू येईल. पण ते प्रकरण सूपाविषयी, म्हणजे आपल्या साराच्या जातीच्या पदार्थाविषयी आहे, आणि लेखिका त्याचा आरंभ साध्या आधणापासून करते. पाण्याचे काय होते हे ज्याने पाहिले नाही, त्यास साराचे रहस्य काय कळणार, असा त्यातील आशय आहे. अंड्याच्या प्रकरणात अंडी ढवळून शिजविण्याची एक कृती आहे; तीत जिन्नस अगदी थोडे, पण आच अत्यंत मंद आणि घाई वर्ज्य. पाककृती अशा निबंधांच्या ओघात येतात, आणि त्या वगळून वाचले तरी निबंध लंगडा पडत नाही. डब्ल्यू. एच. ऑडन या विख्यात कवीने फिशरबाईंच्या गद्याची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, आणि १९५४ साली एकत्र निघालेल्या त्यांच्या पाच पुस्तकांच्या संग्रहास पुढे १९६३ साली प्रस्तावनाही लिहिली. त्या पाचांत प्रस्तुत पुस्तक आहेच.

या पुस्तकात लेखिकेने पहिले भांडण मांडले आहे ते तत्कालीन आहारतज्ज्ञांशी आणि स्त्रियांच्या मासिकांशी. प्रत्येक जेवण समतोल असलेच पाहिजे, प्रत्येक वेळी ताटात मांस, भाजी, धान्य, दूध आणि गोड यांची हजेरी लागलीच पाहिजे, असा या मंडळींचा आग्रह असे. टंचाईच्या दिवसांत हा आग्रह म्हणजे गृहिणीच्या जिवास घोर. फिशरबाईंचे म्हणणे असे की, समतोल राखावयाचा तो दिवसाचा राखावा, जेवणाचा नव्हे. एका वेळी पोटभर भाजलेला पाव व लोणी, एका वेळी भाजीची किंवा सूपाची रेलचेल, आणि एका वेळी मांस, अंडी किंवा चीज यांपैकी काही एक. यात पैसा वाचतो, श्रम वाचतात, आणि एकच पदार्थ मन लावून, पुरेसा खाल्ल्याचे समाधान मिळते. आपल्याकडे ज्याने पिठले-भाकरी आणि फोडलेला कांदा एवढ्यावर तृप्तीची ढेकर दिली आहे, त्यास हा सिद्धांत पटवून द्यावा लागणार नाही. पाच पदार्थ बेचव करण्यापेक्षा एक चवदार करावा, ही त्यातील मेख आहे. आणि काटकसरीतून आनंद कसा निर्माण होतो, याचे पहिले उत्तरही येथेच मिळते. जिन्नस कमी झाले म्हणजे लक्ष वाटले जात नाही. जे आहे त्याच्याकडे पाहावयास सवड होते.

यापुढे येतात त्या प्रत्यक्ष युक्त्या. भाज्या शिजविल्यावर उरलेले पाणी मोरीत ओतून देऊ नये. बर्फाच्या पेटीत जिनची एखादी जुनी बाटली ठेवावी आणि त्यात हे पाणी साठवीत जावे, पुढे तेच सूपाच्या कामी येते. भट्टी पेटविली की तीत एकच भांडे ठेवणे हा अपव्यय होय. त्याच आचेवर सफरचंदे, बटाटे, उद्याचा एखादा पदार्थही भाजून घ्यावा. हे वाचताना मराठी वाचकास आपल्या चुलीचा वैल आठवल्याशिवाय राहणार नाही. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असता शेजारच्या वैलावर वरण रटरटत ठेवावयाचे, आणि भाकऱ्या आटोपल्यावर निखाऱ्यांवर दूध तापत ठेवावयाचे, हे शहाणपण आपल्या घरांत कोणी पुस्तकातून आणले नव्हते. पुरण शिजविताना निघालेला कट फेकून न देता त्याची आमटी करावी, दोडक्याच्या शिरांची चटणी वाटावी, फणसाच्या आठळ्या सुकवून ठेवाव्या, शिळ्या भातास फोडणी द्यावी, लोणी कढविल्यावर तळाशी उरलेल्या बेरीत साखर घालून ती मुलांच्या हातावर ठेवावी; ही यादी कोणतीही मराठी गृहिणी आणखी दोन पाने लांबवील.

मग फिशरबाईंनी नवे काय सांगितले, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, त्यांनी हे ज्ञान लिहिले. पाकपुस्तकाची सामान्य प्रथा अशी की, जिन्नस आणि मापे आधी, कृती मागून. जिन्नस हाताशी आहेत, एवढे गृहीत धरूनच तेथे आरंभ होतो. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या 'गृहिणीमित्र'ने हजार पाकक्रिया मराठीत आणल्या. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन नवख्या मुलींची भीती घालविली. या दोन्ही ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. पण उरलेल्या वस्तूंची विद्या मापात मावत नाही. आज भात किती उरला, तो कितपत मोकळा आहे, घरात कोथिंबीर आहे की नुसत्या तिच्या काड्या, जेवणारे तीन आहेत की पाच, यावर तिचे सारे गणित अवलंबून असते. ही विद्या म्हणजे कृती नव्हे. ती निर्णयशक्ती आहे. आईने मुलीस, सासूने सुनेस ती चुलीपुढे बसून दिली. तिचे माप 'अंदाजाने' हेच. फिशरबाईंनी हा अंदाजच शब्दांत पकडला. त्यांच्या कृतींत 'असल्यास घाला, नसल्यास नको' अशा प्रकारच्या मोकळिकी वारंवार भेटतात, आणि प्रत्येक मोकळिकीमागे तिचे कारण असते. वाचकाच्या हाती त्या पदार्थाबरोबर विचार करण्याची रीतही देतात. पाकपुस्तकास निबंधाचे रूप का घ्यावे लागले, याचे कारण हेच होय.

यावरून हे पुस्तक काटकसरीचे स्तोत्र आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. 'जिवंत कसे राहावे' या प्रकरणात लेखिका अगदी शेवटच्या पायरीवर उतरते. हाती काहीच नसेल, तर अर्धा डॉलर उसना घ्यावा, त्यातून थोडे खिम्याचे मांस, थोडे भरडलेले अख्खे धान्य आणि बाकीच्या पैशांच्या मिळतील त्या भाज्या आणाव्या, हे सर्व एकत्र करून बराच वेळ शिजवावे, आणि त्या लगद्यावर काही दिवस काढावे. त्या पदार्थास त्यांनी दिलेले इंग्रजी नावही चिखल किंवा गाळ याच अर्थाचे आहे. हा गाळ दिसावयास चांगला नाही, खावयास मौजेचा नाही, तो फक्त जीव जगवितो, हे त्या स्पष्ट सांगतात. आम्हांस हे स्पष्ट बोलणे फार मोलाचे वाटते. टंचाईच्या काळी उपदेश करणारे पुष्कळ निघतात, आणि कोंड्याचा मांडा किती गोड लागतो, हे पोटभर जेवून सांगणारेही निघतात. फिशरबाई कोंड्यास कोंडाच म्हणतात. म्हणूनच मांड्याविषयी त्या बोलू लागल्या म्हणजे आपला त्यांच्यावर विश्वास बसतो.

याच्या अगदी उलट टोकास 'उपाशी असूनही आनंदी कसे असावे' हे प्रकरण आहे. त्यात समुद्रकाठच्या कड्याजवळ एका लहानशा घरात राहणाऱ्या एका वृद्धेचे चित्र आहे. तिच्याजवळ पैसा जवळजवळ नाहीच. रानातला पाला, कंद, काठावरच्या वनस्पती वेचून आणून ती आपला निर्वाह करते. पण तिच्या घरी जेवावयास जाणे हा मित्रमंडळीस मान वाटतो. कारण ती ओशाळून वाढीत नाही, की आपल्या गरिबीची कथाही लावीत नाही. जे आहे ते ती निवडून, धुऊन, विचार करून पुढे ठेवते आणि स्वतः पाहुण्यांबरोबर बसून खाते. विदुराघरच्या कण्या आणि सुदाम्याचे पोहे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण त्या कथांत गौरव होतो तो बहुधा खाणाऱ्या देवाचा, त्याने साध्या अन्नाचा स्वीकार केला म्हणून. या वृद्धेच्या घरी कोणी देव आलेला नाही. तेथे साध्या अन्नास जो मान मिळतो, तो ते रांधणाऱ्या बाईने आधी स्वतःस दिलेला असतो.

येथे आपण पुस्तकाच्या मर्मापाशी येतो, आणि त्याचबरोबर आपल्याही एका अवघड जागेपाशी. आपल्या घरांतील काटकसरीचे गुणगान करताना एक प्रश्न आपण सोयीने टाळतो. रात्रीची उरलेली पोळी सकाळी कोणाच्या ताटात पडत आली? खरवड कोणी खाल्ली? फोडणीची पोळी सर्वांस आवडे, हे खरे. पण ती पुरत नसे तेव्हा थांबावयाचे कोणी, हे ठरलेले असे. वनपर्वातील द्रौपदीच्या थाळीची कथा सर्वांस ठाऊक आहे. थाळीस चिकटलेले भाजीचे एक पान श्रीकृष्णाने खाल्ले आणि दुर्वास ऋषींसह सारा शिष्यवर्ग तृप्त झाला. पण त्या थाळीचा नियम असा की, द्रौपदी जेवली म्हणजे त्या दिवसापुरते अन्न संपले. अर्थात् तिने सर्वांच्या मागून जेवावयाचे, हे त्या भांड्याच्याच स्वभावात लिहिलेले होते. ते पान उरले म्हणून आपण धन्य म्हणतो. शेवटी जेवणारीचा विचार कथा सांगणाराही करीत नाही आणि ऐकणाराही करीत नाही.

जी काटकसर एकाने करावयाची आणि तिचे फळ इतरांनी खावयाचे, तिला त्याग म्हणावे, कर्तव्य म्हणावे, नाइलाज म्हणावे; आनंद हे नाव तिला देणे हा अन्याय होय. फिशरबाईंच्या पुस्तकात रांधणारी आणि जेवणारी या दोन निराळ्या व्यक्ती नाहीत. मंद आचेवर अंडी ढवळीत उभी असलेली बाई ती अंडी स्वतः खाणार आहे, आणि गरम असतानाच खाणार आहे, ही गोष्ट त्यांच्या वाक्यावाक्यांतून गृहीत धरलेली असते. त्यांनी याचा कोठे सिद्धांत मांडलेला नाही, झेंडा तर मुळीच फडकाविलेला नाही. पण साध्या स्वयंपाकातला आनंद कशावर उभा असतो, याचे दुसरे उत्तर त्यातून मिळते. पहिली अट लक्ष, दुसरी अट वाटा. या दोन्ही असतील तर वरणभातही उत्सव होतो. दुसरी नसेल, तर काटकसरीच्या कौतुकाने केवळ वाढून घेणाराची सोय होते.

पुस्तकात उणिवा नाहीत, असे नाही. फिशरबाईंचा लांडगा कितीही गुरगुरला, तरी तो मध्यम स्थितीच्या घराच्या दाराशी उभा आहे. त्या घरात भट्टी आहे, बर्फाची पेटी आहे, उसने मागण्याजोगा मित्र आहे. लांडगा शिजवावयाचा तर निदान भांडे आणि जळण तरी हवे. ज्या १९४३ साली अमेरिकन गृहिणी लोण्याच्या कूपनांचा हिशेब करीत होत्या, त्याच साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, आणि त्यात व त्यामागून आलेल्या रोगराईत वीस ते तीस लक्ष माणसे मेली, असा अंदाज आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लोकांनी सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर दिवस काढले. अशा भुकेस युक्तीचे पुस्तक उत्तर देऊ शकत नाही; तिला उत्तर राज्यकर्त्यांनी आणि समाजाने द्यावयाचे असते. फिशरबाईंनी असा दावा केलेला नाही, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. तथापि त्यांच्या विनोदाची धार कोठे कोठे अशी लागते की, ज्यांच्या घरी लांडगा खरोखरच आत शिरला आहे त्यांच्या कानी तो पडू नये, असे वाटते. शिवाय काही कृती इतक्या ओझरत्या आहेत की, नवशिक्याचा हात तेथे अडखळेल. लेखनाच्या भरात शिक्षिकेचे भान सुटल्याची ही उदाहरणे होत.

१९५१ साली या पुस्तकाची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली. तीत लेखिकेने मूळ मजकुरास हात न लावता जागोजाग कंसांत नवे शेरे घातले आहेत. कोठे आपल्याच मतास दुजोरा, कोठे विरोध, कोठे चेष्टा. नऊ वर्षांपूर्वीची तरुण, किंचित् तोऱ्यातली फिशर आणि आता युद्ध पाहून झालेली फिशर यांचा संवाद वाचकास ऐकू येतो. काही टीकाकारांस ही पद्धत वाचनात विघ्न आणणारी वाटेल. आम्हांस ती या विषयास अत्यंत अनुरूप वाटते. आपल्या घरोघरच्या जुन्या पाककृतींच्या वह्या पाहाव्या: मूळ शाईच्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेले असते, 'गूळ कमी घालावा', 'या मापाने चार माणसांस पुरत नाही'. स्वयंपाकाचे खरे पुस्तक असेच वाढते. ते एकदा लिहून पुरे होत नाही, कारण चूल रोज पेटते.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात एक मौज आहे. 'खरी काटकसर कशी करावी' असे भारदस्त शीर्षक देऊन लेखिकेने त्याखाली साय, लोणी, मद्य यांची खैरात असलेल्या अत्यंत खर्चिक पदार्थांच्या कृती दिल्या आहेत. टंचाईत ते पदार्थ करावयाचे नसून मनात आठवावयाचे. यास कोणी थट्टा म्हणेल, पण त्यात विचार आहे. ज्यास तुपाची चव ठाऊक आहे आणि ते हवेसे वाटल्याची लाज वाटत नाही, तोच तेलाची फोडणी आनंदाने देऊ शकतो. इच्छा मारून केलेली काटकसर माणसास कडवट करते. इच्छा शाबूत ठेवून केलेली काटकसर त्यास तरतरीत ठेवते. वैराग्य आणि काटकसर यांची आपल्याकडे जी गल्लत होते, ती या एका प्रकरणाने दूर व्हावी.

मराठीत असे पुस्तक व्हावे, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख संपविणे योग्य होईल. त्यासाठी फिशरबाईंचे भाषांतर करून भागणार नाही. बटाट्याच्या भट्टीने आपल्या वैलाचे काम होणार नाही. कटाच्या आमटीपासून कलिंगडाच्या सालीखालच्या पांढऱ्या गराच्या भाजीपर्यंत जी विद्या घरोघर पसरली आहे, ती जाणणाऱ्या आणि लेखणी धरणाऱ्या बाईने, अथवा बुवानेही, ती मापांच्या कोष्टकांतून सोडवून निबंधात आणावी. त्यात कोंड्यास कोंडा म्हणण्याचे धैर्य असावे, आणि पानावर बसलेल्यांच्या रांगेत रांधणारीचेही पान मांडलेले असावे. असे पुस्तक निघाले, तर त्यास स्वयंपाकघरातील फळी आणि दिवाणखान्यातील कपाट या दोन्ही ठिकाणी जागा करून देण्यास वाचक मागेपुढे पाहणार नाहीत. तोवर ज्यांस इंग्रजी वाचता येते, त्यांनी फिशरबाईंचा हा लांडगा अवश्य चाखून पाहावा.